एका कॉम्प्युटरवर दोन व्हर्जन

मंगळवार, संध्याकाळ. बरेच दिवस इथे ब्लॉगवर फिरकले नाही, तुमच्या मेसेजनाही उत्तरं दिली नाहीत. माफ करा. आजचं मात्र सांगायलाच हवं.

सकाळी पिंगळीच्या कापसाच्या जिनिंग मिलमधून वजनकाट्यावरच्या मारोतरावांचा फोन आला. "मॅडम, कापसाच्या गाड्या उभ्या हायत अन् वजनाची पावती निघंना. लोक माझ्यावर खेकसायलेत."

पावतीचं ते जुनं अ‍ॅप आमचंच. चूक लगेच सापडली, दुरुस्तही केली. पण कोडपासून अ‍ॅप तयार करणारं बिल्ड टूल अडून बसलं. एका नव्या अ‍ॅपसाठी मी काल त्याचं नवं व्हर्जन टाकलं होतं आणि कॉम्प्युटर आता सगळीकडे तेच वापरत होता. जुन्या अ‍ॅपला ते चालेना.

"ताई, नवं काढूनच टाकू का?" माझी सहकारी वैशाली म्हणाली.

"मग नवं अ‍ॅप काय पाट्यावर वाटायचं?"

दोन्ही व्हर्जन राहू दिली. जुन्या प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये एकच ओळ लिहिली: इथे जुनं व्हर्जन वापर. अ‍ॅप तयार झालं, लगेच पाठवलं.

थोड्या वेळाने मारोतरावांचा पुन्हा फोन. "निघाली बघा पावती! काय केलं तुमी?"

"जुन्या अ‍ॅपला त्याचं जुनं टूल परत दिलं."

"मग काढून कशाला घेतलं होतं?"

मी हसले, पण प्रश्न खरा होता. तुम्ही नवं आणताना, जुनं कशाच्या आधारावर उभं आहे ते आधी बघता का?

उद्याचं काम: प्रत्येक प्रोजेक्टमध्ये त्याचं व्हर्जन लिहून ठेवणे.