उघड्या डोळ्यांनी झोपणारा भाऊ

निजामाचं राज्य होतं, मी आठ वर्षांची होते, आणि पाठीवर एकदाचा भाऊ झाला म्हणून कळंबच्या आमच्या गल्लीत आधी साखर वाटून आले. बाळ पाहिलं नंतर. अंगभर ताणलेला चकचकीत पापुद्रा, तूप माखल्यासारखा. पापण्या बाहेर उलटलेल्या, म्हणून झोपेतही डोळे उघडेच. मला भारी कौतुक! माझा भाऊ झोपेतही मला बघतो, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. आई मात्र सुईणीला एकच विचारायची, "जगंल ना गं?"

वडिलांनी सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आणले. ते उर्दूत म्हणाले, "जिल्द उतरेगी. अंदर की जिल्द अच्छी है."

आत्या भडकली. "लेकरू हाय का पोथी? जिल्द म्हनं!"

वडील उर्दू शिकलेले. त्यांनी समजावलं, "अगं, पोथीच्या बांधणीची जिल्द नव्हे, उर्दूत जिल्द म्हणजे कातडी."

डॉक्टरांनी बजावलं होतं, पापुद्रा ओढायचा नाही, पिठानं चोळायचं नाही, नुसतं तेल लावून उबेत ठेवायचं. मग काय, डाळीचं पीठ घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला आत्यानं उंबऱ्यातूनच पिटाळलं. पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा आपोआप सुटत गेला. आई कापसानं थेंब थेंब दूध पाजायची आणि त्याच्या छातीवरून नजर हलवायची नाही.

एका दुपारी आई न्हाणीत होती, मी परसात चिंचा फोडत होते. घरातून आत्या ओरडली, "धावा गं! लेकरानं डोळं मिटलं!"

डोळे मिटले म्हणजे काय, हे आपल्याकडे आठ वर्षांच्या पोरीलाही कळतं. मी चिंचा टाकून घरात पळाले. आई ओल्या लुगड्यानिशी धावली. शेजारणी तर रडतच आल्या. एकीनं दारातच सूर लावला.

"गप ऱ्हावा की!" आत्या हसत होती नि डोळे पुसत होती. "झोपलंय त्ये!"

खरंच झोपला होता. इवल्या पापण्या एकमेकींना टेकलेल्या, पोट वरखाली होत होतं. मला इतका आनंद झाला की मी सूर लावणाऱ्या बाईलाच मिठी मारली.

बारावा दिवस केव्हाच उलटून गेला होता. बारशाचा विषय कुणी काढला नव्हता. आई बाळाशेजारी बसली.

"वन्सं," ती हळूच म्हणाली, "नाव काय ठेवायचं?"