काठोकाठ भरलेला पेला

उझबेकिस्तानातल्या त्या दुपारविषयी अमेरिकेत, शॉमबर्गच्या आमच्या मराठी मंडळींत जे सांगितले जाते, ते खोटे आहे. मी पेला आपटला नाही. आवाजही चढवला नाही.

सोव्हिएत राज्य मोडून थोडीच वर्षे झाली होती, तेव्हा आम्ही दोघे सायकलींवर त्या मुलखातून गेलो. माझा सोबती माझ्याहून पुष्कळ लहान, ओहायोत डब्लिनला नोकरी करणारा, मॉस्कोत शिकल्यामुळे रशियन जाणणारा. लोक आपली आयुष्ये सांगत. तो मला मराठीत सांगे.

कापूस पिकवणाऱ्या एका गावात एका निवृत्त शिक्षिकेने आम्हाला अंगणात बसवले. तिचा मुलगा अफगाणिस्तानच्या युद्धावर गेला होता. त्याची पत्रे थांबली, इथपर्यंत ती आली आणि बोलता बोलता तिने माझ्या पेल्यात जेमतेम दोन घोट चहा ओतला. आमच्या गावच्या हॉटेलात आम्हा अस्पृश्यांच्या कपबश्या बाहेर कोनाड्यात असत आणि चहा वरून, हात राखून ओतला जाई. हात राखून दिलेला चहा मला कोणी समजावून सांगायला नको. मी एवढेच म्हणालो, "तिला सांग, पूर्ण भर."

तिने पेला काठोकाठ भरला. हकीकत तिथेच सोडून ती उठून आत गेली.

पुढच्या मुक्कामी खानावळवाल्याने उलगडा केला. तिथे मानाच्या पाहुण्याला थोडाच चहा देतात, म्हणजे पुनःपुन्हा ओतता येतो. पेला भरला म्हणजे बैठक संपली. मी भरून मागितला, तेव्हा तिची हकीकत मला नकोशी झाली असेच तिने मानले.

शॉमबर्गला एका मराठी घराच्या बेसमेंटमध्ये सगळे जेवत असताना सोबत्याने हे रंगवून सांगितले. "काकांनी तिथेही आंदोलन सुरू केलं, यार! बिचारी आजी घाबरून आत पळाली."

सगळे हसले. मी ताट खाली ठेवले.

"मी दुसऱ्या दिवशी परत गेलो, तेही सांग."

"काका, सोडा ना आता."

"चाळीस मैल उलटे गेलो. तुला चल म्हणालो होतो."

"फ्लाइट मिस झाली असती! आणि तुम्ही एकटे जाऊन काय करणार होतात? तुम्हाला रशियन येतं कुठे?"

आता कोणी हसत नव्हते.

"येत नाही. तरी तिने मला बसवले. दोन-दोन घोट ओतत ती संध्याकाळपर्यंत बोलली, आणि मी उठलो नाही. हे तू कधीच सांगत नाहीस."

घरची काकू वाढता वाढता थांबली होती. तिने हळूच विचारले, "मग तिचा मुलगा आला का हो परत?"

सोबती त्या दिवशी तिथे नव्हता. उत्तर मलाच द्यायचे होते.

"ठाऊक नाही," मी म्हणालो. "ती मध्ये एकदा हसली, एकदा बराच वेळ थांबली. त्यावरून मला काही ताडता आले नाही."