दाराला लावलेली चकती

ज्योतीचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून फोन घेतला. "काका, बाबा गेले... सकाळी चहा मागितला, अर्धा प्यायले आणि गेले." माझा मित्र मधू जाणार हे मला दोन महिने ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं, कारण ते त्याला मीच सांगितलं होतं. तरी त्या दिवशी उरलेली दाढी करायला माझा हात उचलेना. आज सव्वा महिना झाला. सांगितलं ते बरं केलं की वाईट, हा प्रश्न काही मनातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

आम्ही दोघंही वर्ध्याकडचे. भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा एकाच आठवड्यात नोकरीला लागलो. मी टाइम ऑफिसात कारकून, तो दुभाष्या. रशियन इंजिनियर बोलणार, मधू ते आपल्या फोरमन लोकांना हिंदीत सांगणार. कारखान्याच्या वर्गातच तो रशियन शिकला होता, त्यामुळे व्हॉल्व्ह, विटा, गॅस, तापमान यांच्यापलीकडे त्याची गाडी फारशी जात नसे. पण हट्टी असा की विचारू नका. "जोडायचं नाही, तोडायचं नाही," हे त्याचं ब्रीद. एकदा निकोलाई नावाचा भट्टीवरचा रशियन तज्ज्ञ एका फोरमनवर भडकला. मधूने शांतपणे भाषांतर केलं, "साहेब तुम्हाला गाढव म्हणत आहेत." फोरमन आठ दिवस मधूशी बोलला नाही, निकोलाईशी मात्र बोलला! यावरून मी त्याला जन्मभर चिडवलं. पण भट्टीपाशी एक शब्द इकडचा तिकडे झाला तर माणसं भाजतील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. निकोलाईचा त्याच्यावर विश्वास बसला तो यामुळेच.

या निकोलाईचा धाकटा भाऊ त्यांच्या देशाच्या आइस हॉकी संघात गोलकीपर होता. युरोपात देशादेशांची मोठी स्पर्धा भरली होती आणि स्वीडनविरुद्धच्या सामन्यात भाऊ पहिल्यांदाच गोलात उभा राहणार होता. नेमकी तेव्हाच नवी भट्टी तापवायला घेतलेली, निकोलाईला जागचं हलता येईना. त्याने आपला रेडिओ मधूच्या हवाली केला, आणि सामना ऐकून मला येऊन सांग म्हणाला. सेक्टर सहामधल्या मधूच्या क्वार्टरमध्ये आम्ही दुपारी रेडिओ लावला, त्याची तार सुमनवहिनींच्या कपडे वाळत घालायच्या दोरीला बांधली. मार्च महिना, पंखा गरम वारा फेकत होता, आणि आम्ही घाम पुसत बर्फावरचा सामना ऐकत होतो! बोलणारा इतक्या भरभर बोलत होता की मधूला गोल तेवढे कळत होते, ते तो कागदावर मांडत होता. सामना संपत आला आणि एकाएकी त्याची पेन्सिल थांबली.

"वामन, गोलकीपरले काढलं रे."

"कावून?"

"का काढलं ते नाही समजलं. बाहेर गेला म्हणते... गोल रिकामा आहे म्हणते."

आम्हाला हॉकी माहीत होती ती मातीवरची. तिच्यात गोल रिकामा टाकून गोलकीपर जातो तो उचलून नेला तरच. पोराला जबर लागलं, हे आम्ही धरूनच चाललो. एका गोलने सामनाही गेला होता.

दिवस मावळताना आम्ही सायकलींवर कारखान्याकडे निघालो. मी त्याला समजावत होतो, "जिंकले म्हणून सांग. भाऊ ठीक आहे म्हण. तो माणूस भट्टीपाशी उभा आहे, बाकीचं उद्या पाहू." मधूने सायकल थांबवली. "आज भावाचं खोटं सांगितलं, तर उद्या माह्या शब्दावर तो व्हॉल्व्ह कसा उघडणार? तू सांग मले." आम्ही पुन्हा सायकलींवर बसलो.

निकोलाईने हातमोजा काढत विचारलं. मधूने सगळं सांगितलं... एका गोलने हरलात, शेवटी तुमच्या भावाला बाहेर काढलं, कशासाठी ते मला समजलं नाही. "शेवटच्या मिनिटाला?" निकोलाईने विचारलं, आणि तो हसत सुटला. मग खडूने लोखंडी पत्र्यावर आकृती काढून त्याने समजावलं. हरत असलो की शेवटी गोलकीपरला बाहेर बोलावतात आणि त्याच्या जागी चढाई करणारा आणखी एक आत सोडतात. गोल उघडा पडतो, पडू दे. मागचं राखत बसायचं नाही, उरलेला वेळ सगळ्यांनी पुढे खेळायचं. हसू थांबल्यावर मात्र त्याने मधूचे दोन्ही खांदे धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मधूने काय समजून ती बातमी एवढ्या लांब आणली होती, हे त्याच्या ध्यानात आलं असावं. मायदेशी परतताना त्याने मधूला भावाकडून मागवलेली रबराची जाड काळी चकती दिली. त्यांच्या खेळात चेंडूऐवजी ती असते. मधू ती दार मिटू नये म्हणून दाराला लावायचा, आधी क्वार्टरमध्ये आणि नंतर उतईच्या रस्त्यावरच्या स्वतःच्या घरात. दिवसभर दार उघडं. मांजरं येतात म्हणून वहिनी कुरकुरायच्या, पण चकती हलली नाही.

तीनेक महिन्यांपूर्वी पोटाच्या दुखण्याने मधूला दवाखान्यात ठेवलं. तिथे ज्योतीने मला बाहेरच गाठून डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. "काका, बाबांना काही बोलू नका. अल्सर आहे म्हणा, बस." मी हो म्हणालो. खोट्याच्या बाजूने मी पूर्वीही होतोच. आत गेलो. मधूने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"काय म्हणते डॉक्टर? जोडू नको, तोडू नको."

अल्सर हा शब्द अगदी जिभेवर होता... पण त्या माणसासमोर तो बाहेर पडेना. "दोन महिने म्हणते," मी म्हणालो. "ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणते." त्याचे डोळे भरले, माझेही. मग डोळे पुसून म्हणाला, "मंग बोलाव गोलकीपरले बाहेर. घरी ने मले."

ज्योती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, नंतरही कामापुरतंच. घरी आल्यावर मधूने पहिलं काम केलं ते वर्ध्याला पत्र लिहिण्याचं. धाकट्या भावाशी त्याचा वीस वर्षं अबोला होता. पत्र मिळताच भाऊ आला, पुन्हा पुन्हा येत राहिला. दोघं दाराशी खुर्च्या टाकून बसायचे, बोलायचे थोडंच. मधूला इतका निवांत मी कधी पाहिला नव्हता. त्याची आठवण आली की आता तेच चित्र समोर येतं.

परवा त्याच्या घरी गेलो. वारा सुटला होता, धूळ आत येत होती. दार लावायला ज्योती वाकली, तिने चकती उचलली, क्षणभर हातात धरली आणि पुन्हा होती तिथे ठेवली.

"अगं, लाव ना दार," वहिनी आतून म्हणाल्या.

"राहू दे, आई. वर्ध्याचे काका येऊन राहिले, पोचतीलच आता," ज्योती म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्हीही बसा ना, काका. मी चहा टाकते."