पाढे संपेपर्यंत तोंड उघडं

शकीलभाऊ गेले, हे मला पहिलीच्या वर्गात कळलं. मुलं बेचा पाढा म्हणत होती. मुख्याध्यापक दारात येऊन हळूच म्हणाले, "बाई, चामोर्शीचे दातवाले डॉक्टर गेले ना काल. मलेरिया डोक्शात चढला म्हंतेत." आश्रमशाळेतल्या मुलांचे दात बघायला आत जंगलात गेले होते, तिथून ताप घेऊन आले, आणि चौथ्या दिवशी सगळं संपलं. मुलं म्हणतच होती, बे सत्ते चौदा, बे आठे सोळा... त्यांना थांबवायचंही मला सुचलं नाही.

तो पाढा खरं तर त्यांचाच. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते आमच्या शाळेत पहिल्यांदा आले, ते मोटारसायकलला पेटी बांधून. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. त्यांचं डोळ्याला लावायचं काळं भिंग लावून हे मुलांच्या दाढा बघत. दाढेवर बारीक खाचा असतात, तिथे अन्न अडकून कीड लागते. ती लागायच्या आधीच खाचा पातळ औषधाने बुजवून टाकायच्या, एवढंच काम. "घड्याळात धूळच जाऊ नाई द्यायची बाई. एकदा गेली का मंग दुरुस्तीच करत बसा," असं ते म्हणत. गावातल्या बायकांनी त्याला नाव ठेवलं, दाढेचं सारवण. पण दाढ कोरडी लागे; थुंकी लागली की केलेलं वाया. हात गुंतलेले, औषध सुकायला किती वेळ झाला हे घड्याळात बघणार कोण? म्हणून सगळा वर्ग पाढे म्हणे आणि बाकावरचं एक मूल आ वासून बसे. बेपासून पाचापर्यंत पाढे झाले की औषध घट्ट. तोवर तोंड मिटायचं नाही.

माझी पल्लवी तेव्हा सहा वर्षांची, त्याच वर्गात. तिची पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "राहू द्या भाऊ, दुधाचीच दाढ आहे, पडेल." ते म्हणाले, "नाई बाई, ही मागून नवी येते. दुधाची पडून नाई येत, म्हणून सारेच फसतेत. ही गेली का गेलीच." मी हसून पुढच्या मुलाला बोलावलं. खरं कारण आज लिहूनच टाकते. आमच्या घरी टूथपेस्ट होती, ब्रश होता. हे सारवण राखुंडीने दात घासणाऱ्यांच्या मुलांसाठी, मास्तरणीच्या मुलीला कशाला, असं मला वाटलं होतं. शकीलभाऊंना ते कळलं असणार. त्यांनी पुढच्या मुलाची दाढ कोरडी करायला घेतली.

पल्लवी अकरा वर्षांची असताना तिचा गाल सुजला. तीच दाढ, खालची डावी, आतून पोखरलेली. चामोर्शीला त्यांच्याकडेच नेलं. दुसरं होतं तरी कोण? ती वाचण्यासारखी नव्हती. "तुमी बाहेर बसा बाई, तुमच्यानं पाहवणार नाई," एवढंच म्हणाले. मी बाहेरच्या बाकावर पदर तोंडाला लावून रडत बसले. आत बराच वेळ लागला. ते बाहेर आले तेव्हा मला वाटलं, आता ऐकवतील. ऐकवायला हवं होतं. त्यांनी फक्त गोळ्या कशा द्यायच्या ते सांगितलं. 'भाऊ, माझं चुकलं' हे शब्द तेव्हा ओठांवर आले होते, पण निघाले नाहीत. पुढे दरवर्षी ते शाळेत येत, मी चहा करी, आणि दरवर्षी वाटे, पुढच्या खेपेला सांगू...

परवा मी त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा भाभींनी, त्यांच्या पत्नीने, ते भिंग माझ्या हातात ठेवलं. "आपके स्कूल का बहुत बोलते थे," म्हणाल्या. घरी आल्यावर एवढ्या मोठ्या झालेल्या पल्लवीला खिडकीशी उभं करून आ कर म्हटलं. डावीकडे ती मोकळी जागा. त्या दाढेबरोबरच आलेल्या बाकीच्या तीन दाढांवर मात्र पांढरट, गुळगुळीत थर. मी विचारलं, हे कधी?

"त्याच दिवशी," ती म्हणाली. "दाढ काढायच्या आधी त्यांनी बाकीच्या तिन्ही सारवल्या. पाढे म्हणायला कोणी नव्हतं, म्हणून ते स्वतःच म्हणत होते, बेपासून पाचापर्यंत, तीनदा. म्हणाले, आईले सांगू नको, तिले अजून वाईट वाटन."

भिंग अजून माझ्या हातातच होतं. मी तिला म्हटलं, आता मिट तोंड.