मशीनला विचारू

कांदिवलीच्या लॅबमध्ये रक्त घेणारी ती मुलगी बारकोडचं लेबल नळीच्या लांबीतच चिकटवते. गोल गुंडाळलं तर रेघा मागे जातात, मग स्कॅनर काय वाचणार, असं तिचं म्हणणं. आणि स्कॅनर वाजला तरी पेशंटला नाव विचारल्याशिवाय सुई उचलत नाही.

माझी आई हल्ली विसरते. एकदा लॅबमध्ये तिने लग्नाआधीचं नाव सांगितलं. मी ओशाळलो. त्या मुलीने माझ्याकडे बघून खात्री केली आणि म्हणाली, "थांबा आजी, मशीनला विचारू." नळीवर लाल उजेड पडला, टीक वाजलं. "मशीन म्हणतं, दोन्ही नावं तुमचीच."

परवा आईने आपणहून बाही वर केली. "विचार गं मशीनला," ती हसत म्हणाली, "आज मी कोण?"