गुरुदासकाकाचा ओळंबा

आमचा गुरुदासकाका शाळेत कवायत शिकवायचा. शिरोड्याच्या अलीकडे आमचं गाव. गावात त्याला राखमास्तर म्हणायचे. हसा खुशाल, गावही हसलंच. पण माझ्या बाबांना पुन्हा उभं केलं ते ह्या राखमास्तराने, गावाने नव्हे, हे आधीच सांगून ठेवते.

अठ्ठावन्न सालच्या भाद्रपदात बाबांच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू लुळी पडली. बाबा म्हणजे लवू, काकाचे थोरले भाऊ. दसऱ्याला देवाचा तरंग, म्हणजे लुगडी नेसवलेला उंच खांब, हातात धरायचा मान आमच्या घराचा. मानकऱ्यांनी दारात येऊन सांगितलं, तीन दसरे वाट बघू, नाहीतर मान महादूच्या घरी. महादू आमचा भाऊबंद. मेल्याच्या तोंडावरचा आनंद लपत नव्हता!

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी खाटेवर पडून राहा म्हणून सांगितलं. काकाने गवंड्याकडून ओळंबा, म्हणजे भिंत सरळ आहे का बघायचं दोरीला टांगलेलं टोकदार वजन, मागून आणला. खळ्यात दोन माडांना दोरी बांधली. बाबांनी दोरी धरून उभं राहायचं, मग दोरी सोडायची. करगोट्याला मागून ओळंबा बांधलेला, त्याच्याखाली परातीत चाळलेली राख. बाबा डुलले की ओळंब्याचं टोक राखेत रेघ ओढायचं. शंभर आकडे मोजून झाले की काका ती रेघ कागदावर उतरवून घेई आणि राख पुन्हा सारखी करी. रोज. पावसाळ्यात पडवीत. आई करवादायची, "भावोजी, माझी परात द्या, पीठ मळूचा आसा."

पहिल्या वर्षी परातभर रेघोट्या. दुसऱ्या वर्षी रेघ करवंटीखाली झाकेल एवढी झाली. बाबा काठी टाकून विहिरीपर्यंत जाऊन आले तेव्हा आई रडली आणि परातीचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

मग काकाने बाबांना डोळे मिटायला लावले. मिटले मात्र, ओळंबा परातीबाहेर! वीस-पंचवीसदा करून बघितलं, दरवेळी तेच. काका म्हणाला, "दादा पायांवर उभो नाय, डोळ्यांवर उभो आसा." हे सगळं त्याने कागदांसकट एका मोठ्या डॉक्टरला कळवलं. उत्तर एका ओळीचं आलं: मास्तर, मुलांची कवायत घ्या. ते पत्र मी अजून ठेवलंय, शिव्या घालायला.

साठ साली तिसरा दसरा आला. काका बाबांच्या पाया पडला. "औंदा नको, दादा. फुडच्या वर्सा."

"फुडच्या वर्सा महादू धरतलो," बाबा म्हणाले. "माका जमता."

काकाने मग मला, आईला आणि माझ्या भावाला, बाबूला, समोर बसवून बजावलं: डोळे मिटलेले दिसले की धावायचं आणि धरायचं, कुणाला विचारायचं नाही. मी तेव्हा सतरा वर्षांची. मान डोलावली.

देवळासमोर बाबांनी तरंग धरला. ढोल सुरू झाले. मी पुढेच होते, पायरीजवळ, चार हातांवर. काका मागे गर्दीत अडकलेला. देवापुढचं गाऱ्हाणं सुरू झालं आणि माझ्या भोळ्या बाबांनी भक्तीने डोळे मिटले.

ते डुलायला लागले. "देव इलो! देव इलो!" सगळा गाव हात जोडून मागे सरला. आमच्यात अवसार आलेल्याला, म्हणजे अंगात देव आलेल्याला, हात लावत नाहीत. मागून काका गळा फाडून ओरडत होता, "धरा रे तेका! देव नाय तो, डावो पाय आसा!" कुणीतरी त्याचं तोंड दाबलं.

बाबा डावीकडे गेले. डोकं पायरीच्या चिऱ्यावर आपटलं. तिसऱ्या दिवशी गेले.

गाव म्हणालं, काय भाग्य, देवाने उभ्याउभ्या नेलं. आग लागो त्या भाग्याला. मान महादूलाच गेला.

बाराव्यानंतर काकाने सगळे कागद चुलीत घातले. मी शेजारी बसले होते. त्याने एकदाच विचारलं.

"शुभदा, दादान डोळे मिटलेले तुका दिसले?"

"दिसले, काका."

"मगे?"

"मी हात जोडले."