पुरावा नसलेले घोडे

भावोजींना मी शेवटचं भेटलो ते परळच्या हॉस्पिटलात, दुपारच्या भेटीच्या वेळेत. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि बोलायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद होती. तरी मी खुर्ची पलंगाजवळ ओढली, मोबाईल काढला आणि रेकॉर्डिंगचं बटण शोधता शोधता म्हटलं, "भावोजी, ती घोड्यांची गोष्ट सांगा ना. जमेल तेवढीच." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मोबाईलकडे बघितलं, एका हाताने मास्क बाजूला केला आणि विचारलं, "आता पुरावो गावलो काय रे तुका?" डोळे हसत होते. मग खोकल्याची उबळ आली, नर्स धावत आली, तिने मास्क बसवला आणि मला बाहेर काढलं. बटण दाबायचं राहूनच गेलं होतं. त्याच आठवड्यात ते गेले.

दत्ताराम भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. शहराच्या अग्निशमन दलात ते ड्रायव्हर होते, आणि त्यांच्या आधी त्यांचे वडीलही तिथेच होते. ताईचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होतो. तिच्या क्वार्टर्सच्या खिडकीतून खाली उभ्या असलेल्या लाल गाड्या दिसत, म्हणून सुट्टी मिळाली की मी गिरगावातून तिच्याकडे पळायचो. भावोजी नुसती गाडी दाखवून थांबणारे नव्हते. हातवारे करायचे, थोडी फेकायचे, आणि त्यांच्या बोलण्यात प्रत्येक गाडी या शहराने हट्ट करून मागून घेतलेली असे. गिरण्या होत्या तेव्हा मोठ्या टाकीच्या गाड्या लागल्या, कारण कापसाची गाठ वरून विझली तरी आत धुमसत राहते, तिला पाणी देता देता माणूस कंटाळतो. बंदराकडे तेलाचे साठे वाढले. तेलावर पाणी मारून भागत नाही, म्हणून फेस मारणारी गाडी आली. इमारती वर गेल्या तशी शिडीही वर गेली. आधी माणसांनी ढकलत न्यायची, चाकांवरची लाकडी. मग गाडीच्या पाठीवर गोल फिरणारी. मग टोकाला माणसं उतरवायचा पाळणा असलेली. "आणि सगळ्यात शेवटी काय आला?" असं विचारून ते स्वतःच उत्तर द्यायचे, "सगळ्यात बारकी गाडी. शिडी आभाळाक टेकली, पण गिरगावातली गल्ली काय रुंद झाली नाय." नोकरीची शेवटची बरीच वर्षं ते स्वतः शिडीची गाडी चालवत आणि बाकीच्या ड्रायव्हरांना टांगेवाले म्हणत. नम्रपणा हा त्यांचा विषय नव्हता.

माझी सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. व्हाउचर नसेल तर खर्च झालाच नाही असं मानायचं, ही सवय ऑफिसात कामाची होती. ती मी घरी घेऊन यायचो हे मला फार उशिरा कळलं.

निवृत्तीनंतर भावोजी आणि ताई काळाचौकीला राहायला गेले. तिथल्या गणेशोत्सव मंडळाने एका वर्षी देखाव्याला विषय घेतला, बंबाचा इतिहास. हलती मॉडेलं, त्यावर प्रकाश आणि मागे निवेदन. निवेदन भावोजींच्या आवाजात करायचं आणि लिहून मी द्यायचं, असं ठरलं. भावोजी किती खूश होते ते ताईने मला फोनवर सांगितलं. रोज आंघोळीनंतर आरशासमोर बोलून बघत होते म्हणे.

मंडळाच्या खोलीत बैठक बसली. भावोजींनी वाफेच्या बंबापासून सुरुवात केली, घोडे जोडलेल्या. हे त्यांनी वडिलांकडून ऐकलं होतं. घंटा झाली की घोडे तबेल्यातून आपणहून येऊन गाडीपुढे उभे राहत, कुणी लगाम धरायला लागत नसे. त्यातला एक म्हातारा झाला म्हणून भाड्याची घोडागाडी हाकणाऱ्या एका व्हिक्टोरियावाल्याला विकला. एक दिवस गिरगावात त्याने बंबाची घंटा ऐकली आणि तो जो सुटला बंबामागे तो थेट आगीच्या दारात जाऊन थांबला. व्हिक्टोरियात लग्नाला निघालेलं एक जोडपं, मांडीवर आहेराचं ताट घेऊन. मंडळाचा सेक्रेटरी बाळ्या हसून लोळायचाच बाकी राहिला. "काका, कडक. घोड्याची मान आपण मोटरवर हलवू."

मी विचारलं, "याला पुरावा काय? कुठलं स्टेशन, कुठलं साल?"

"पुरावो?" भावोजी म्हणाले. "घोडे काय पावती फाडून धावत व्हते?"

खोलीभर हशा झाला. मीही हसायला हवं होतं. भावोजी रंगात आले होते, त्यांनी पुढचं काढलं, की आगीच्या गाडीला बंब का म्हणतात. वाफेच्या गाडीवरचा बॉयलर लोकांनी बघितला, तर हुबेहूब न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबासारखा; आत विस्तव, भोवती पाणी, वर धुराडं. म्हणून नाव पडलं बंब. "आता आमच्या बंबात पाणी आत नि आग भायेर, पण नाव ता ऱ्हवला." बाळ्या लिहून घ्यायला लागला. मी शब्दकोश बघूनच गेलो होतो. म्हटलं, "थांब, लिहू नकोस. भावोजी, तसं नाहीये ते. पोर्तुगीजांचा शब्द आहे, पंपाला म्हणतात. दोन्ही बंब तिथूनच आले. तुम्ही उलटं सांगताय."

मी बोललो ते बरोबर होतं, आजही बरोबर आहे. पण ते बरोबर आहे म्हणून मी बोललो नव्हतो. मघाशी लोक मला हसले होते, म्हणून बोललो होतो... आणि हे मला तिथे बसल्या बसल्याच कळत होतं.

भावोजींनी बाळ्याच्या थांबलेल्या पेनाकडे बघितलं. मग बाळ्याला म्हणाले, "सुहास लिवता तसाच घेवा. शिकलेलो माणूस तो." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी लिहिलं. ज्याला आधार मिळाला ते ठेवलं, उरलेलं काढलं. व्हिक्टोरियावाला गेला, आहेराचं ताट गेलं, न्हाणीघरातला बंब गेला. रेकॉर्डिंगच्या दिवशी भावोजींनी निरोप पाठवला की घसा बसलाय. आकड्यांवर शंका घेणाऱ्या मी त्या घशावर मात्र शंका घेतली नाही, कारण घसा खरंच बसलेला असणं माझ्या सोयीचं होतं. मंडळाने पैसे देऊन एक निवेदक आणला. देखाव्यात घोडे होते, पण त्यांच्या माना हलत नव्हत्या. भावोजी ताईबरोबर लाइनीत उभे राहून बघून गेले. कसं वाटलं विचारलं तर म्हणाले, "बरोबर आसा सगळा." हे वाक्य मी पुढे कित्येक दिवस प्रमाणपत्रासारखं लोकांना सांगत होतो.

त्यानंतर त्यांनी मला एकही गोष्ट सांगितली नाही. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. दिवाळीला मी गेलो की दारातून आत येईपर्यंत त्यांचा आवाज ऐकू येई, शेजाऱ्यांना काहीतरी रंगवून सांगत असत. मी चप्पल काढून आत आलो की म्हणत, "ये सुहास. तब्येत बरी मा?" आणि गोष्ट तिथेच थांबे. मला वाटायचं, संपली असेल.

तेराव्यानंतर माणसं पांगली तेव्हा ताईने विचारलं, "तुझ्याकडे ह्यांचा आवाज असेल ना रे? त्या मंडळाच्या वेळचा?" फोटो तिच्याकडे खूप आहेत. माझ्याकडे देखाव्याचं रेकॉर्डिंग होतं, तेवढंच मी लावलं, का लावलं कोण जाणे. स्वच्छ उच्चार, योग्य ठिकाणी विराम. ताईने एक मिनिटभर ऐकलं आणि विचारलं, "हा कोण?"

मग मी तिला सगळं सांगितलं. बैठकीतलं, हशाचं, शब्दकोशाचं. ती म्हणाली, "मला ठाऊक आहे. त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नव्हते." आणि उठून तिने चहाचं आधण ठेवलं. तू काय मुद्दाम केलंस का, असं काहीतरी ती म्हणेल अशी मी वाट बघत होतो. ती तसं म्हणाली नाही.

परवा तिच्याकडे जेवायला बसलो होतो, तर खालून सायरन गेला. ताई उष्ट्या हाताने उठली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. निवृत्तीनंतरही भावोजी असेच उठायचे आणि आवाज विरेपर्यंत पानावर परत यायचे नाहीत. भरल्या ताटावरून उठता म्हणून ती जन्मभर त्यांच्यावर करवादली. मीही उठून तिच्या शेजारी उभा राहिलो. तिथून रस्ता दिसत नाही, मध्ये नवा टॉवर आलाय.

"शिडीची गाडी आहे," ताई म्हणाली. "लालबागकडे वळली."

नुसत्या आवाजावरून हे कसं कळतं, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. "शिडीचीच," मी म्हटलं, आणि आवाज विरेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे राहिलो.